जॉनी ब्रिग्ज : शंभर बळी आणि एक आजार

कसोटी क्रिकेटमध्ये शंभर बळींचा टप्पा सर्वांत आधी कुणी गाठला, हा प्रश्न क्रिकेटवेड्या मंडळींना विचारून पाहा. मुरलीधरनचे आठशे बळी सगळ्यांना पाठ असतात. वॉर्न, कुंबळे, अश्विन यांचे आकडेही बरेच जण सांगतात. पण या लांबलचक यादीत पहिलं नाव कुणाचं, हे सहसा कुणाला सांगता येत नाही.

ते नाव आहे जॉनी ब्रिग्ज. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्याकडून खेळणारा डावखुरा फिरकी गोलंदाज. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच. १८९५च्या फेब्रुवारीत सिडनीच्या मैदानावर त्याने हा टप्पा गाठला. त्यानंतर सातच वर्षांनी, ११ जानेवारी १९०२ रोजी, मँचेस्टरजवळच्या चीडल गावातल्या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघा ३९ वर्षांचा होता.

वेड्यांच्या इस्पितळात मरण आलं म्हणून तो वेडा होता का? नाही. त्याला अपस्मार होता. आपल्याकडे ज्याला फेफरं किंवा मिरगी म्हणतात, तो आजार. विक्रमांच्या पुस्तकात ब्रिग्जचे सगळे आकडे आहेत. त्याच्या आजाराला मात्र तिथे रकाना नाही. आकडे समजून घेण्यासाठी आणि आजार समजून घेण्यासाठीही या माणसाची हकीकत नीट वाचायला हवी.

मोजे विणणाऱ्यांच्या गावातला मुलगा

ब्रिग्जचा जन्म ३ ऑक्टोबर १८६२ चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या सटन-इन-ॲशफिल्ड या गावातला. घरोघरी मागावर पायमोजे विणणाऱ्या कामगारांचा हा मुलूख. विणकामाला पुढे कोळशाच्या खाणींची जोड मिळाली. या कष्टकरी वस्त्यांमधून इंग्लंडला पिढ्यान् पिढ्या व्यावसायिक क्रिकेटपटू मिळत गेले. माग किंवा खाण नको असेल तर सुटकेचा एक रस्ता होता, तो म्हणजे क्रिकेट.

जॉनी लहान असतानाच ब्रिग्ज कुटुंब लँकेशायरमधल्या विड्नेस या रासायनिक कारखान्यांच्या गावी राहायला गेलं. म्हणून नॉटिंगहॅमशायरमध्ये जन्मलेला हा मुलगा लँकेशायरचा खेळाडू झाला. १८७९ साली लँकेशायरने त्याला संघात घेतलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

त्या काळातलं लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. ब्रिग्ज जन्मला त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या होत्या आणि कामगारांच्या घरांत उपासमार चालू होती. त्याच कापसाची उणीव भरून काढायला वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे जात होता आणि इकडे मुंबईत पैशांचा पूर आला होता. युद्ध संपलं, गिरण्या पुन्हा धडधडू लागल्या. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळालेले गिरणी कामगार ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर गर्दी करू लागले. ब्रिग्ज या गर्दीचा लाडका होता. बुटका, गोल चेहऱ्याचा, हसतमुख, मैदानात गमतीजमती करणारा. लोकांना तो आपल्यातलाच वाटायचा आणि तो त्यांच्यातलाच होता.

गंमत म्हणजे संघात तो गोलंदाज म्हणून आलाच नव्हता. सुरुवातीची काही वर्षं तो मुख्यतः चपळ क्षेत्ररक्षक म्हणून ओळखला जाई. कव्हरला त्याच्या हातून चेंडू सुटणं म्हणजे बातमी. फलंदाजीही बरी होती. १८८४-८५ मध्ये तो इंग्लंडच्या संघाबरोबर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला गेला आणि मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत त्याने १२१ धावा केल्या. या सामन्यात ऑस्ट्रेलियाचा संघ मुळापासून बदललेला होता, कारण आधीच्या सामन्यातल्या खेळाडूंनी प्रवेशशुल्काच्या उत्पन्नात मोठा वाटा मागितला होता आणि तो न मिळाल्याने ते खेळायला उतरलेच नाहीत. क्रिकेटमध्ये पैशावरून भांडणं आजची नाहीत.

डावखुऱ्या फिरकीचं गणित

१८८५च्या आसपास ब्रिग्जच्या गोलंदाजीला बहर आला. आजच्या वाचकाला त्याचं यश समजायचं असेल तर त्या काळच्या खेळपट्ट्या डोळ्यांसमोर आणाव्या लागतील.

तेव्हा खेळपट्टी झाकण्याची पद्धत नव्हती. रात्री पाऊस पडला तर खेळपट्टी भिजायची. सकाळी ऊन पडलं की वरचा थर वाळू लागायचा, पण आत ओल राहायची. अशा अर्धवट वाळलेल्या, चिकट जमिनीवर चेंडू टप्पा पडताच काहीही करू शके. कधी एकदम उसळे, कधी हातभर वळे. वेगवान गोलंदाजाला निसरड्या जमिनीवर पाय रोवता येत नसे. अशा वेळी कर्णधार चेंडू द्यायचा तो मंदगती फिरकी गोलंदाजाकडे. त्यातही डावखुरा असेल तर सोन्याहून पिवळं. त्याचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर वळतो. फलंदाज बॅट पुढे करतो आणि चेंडू कड घेऊन स्लिपमध्ये जातो, किंवा बॅट चुकवून यष्टी उडवतो.

पण ओली खेळपट्टी सगळ्यांनाच मिळायची. ब्रिग्जचं वैशिष्ट्य असं की कोरड्या खेळपट्टीवरही तो फलंदाजाला फसवायचा. चेंडूला उंची द्यायचा, वेग कमी-जास्त करायचा आणि मध्येच एखादा सरळ, वेगाने आत घुसणारा चेंडू टाकायचा. फलंदाज चेंडू वळेल म्हणून वाट पाहत राही आणि तो सरळ यष्टीवर जाई.

१८८६ साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने पहिल्या डावात २९ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ४५ धावांत ६ बळी घेतले. इंग्लंड डावाने जिंकलं. १८८८च्या हंगामात त्याने १६० बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे साडेदहा धावाही दिल्या नाहीत. १८८९ मध्ये विस्डेन या वार्षिकाने पहिल्यांदाच निवडक खेळाडूंचा गौरव करायचा ठरवला. तेव्हा सहा गोलंदाज निवडले गेले आणि त्यांत ब्रिग्ज होता. 'विस्डेनचे वर्षातले क्रिकेटपटू' ही परंपरा तिथूनच सुरू झाली.

केपटाउन : २८ धावांत १५ बळी

त्याच वर्षी, मार्च १८८९ मध्ये, ब्रिग्जच्या नावापुढे त्याचा सर्वांत प्रसिद्ध आकडा जमा झाला.

मेजर वॉर्टन नावाच्या गृहस्थाने एक इंग्रजी संघ जमवून दक्षिण आफ्रिकेत नेला होता. हा काही इंग्लंडचा सर्वोत्तम संघ नव्हता. काही व्यावसायिक, काही हौशी, अशी ती सरमिसळ होती. कर्णधार होता ऑब्री स्मिथ, जो पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांत नट म्हणून गाजला. दौऱ्यातले बहुतेक सामने पंधरा, अठरा, बावीस खेळाडूंच्या स्थानिक संघांविरुद्ध झाले. कारण अकरा विरुद्ध अकरा असा सामना लावण्याइतकं तिथलं क्रिकेट अजून तयारच झालेलं नव्हतं. शेवटी बरोबरीच्या संख्येचे दोन सामने झाले. त्यांतला दुसरा केपटाउनला. स्मिथ आजारी असल्याने त्या सामन्यात कर्णधार होता २३ वर्षांचा माँटी बाउडन.

इंग्लंडने २९२ धावा केल्या. मग दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात ४७ आणि दुसऱ्या डावात ४३ धावांत गारद झाली. ब्रिग्जने पहिल्या डावात १७ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात ११ धावांत ८ बळी घेतले. एकूण २८ धावांत १५. त्यांतले १४ फलंदाज त्रिफळाचीत आणि एक पायचीत. म्हणजे या पंधरांसाठी एकाही क्षेत्ररक्षकाची मदत लागली नाही.

आकडा थक्क करणारा आहे. पण इतिहास वाचणाऱ्याने इथे थोडं थांबायला हवं. केपटाउनला त्या दिवशी मैदानात उतरलेल्या कुणालाही आपण 'कसोटी सामना' खेळत आहोत, असं वाटत नव्हतं. त्या दोन सामन्यांना कसोटीचा दर्जा नंतर, मागाहून दिला गेला. मुळात कसोटी सामने कोणते, याची यादीच तोवर ठरलेली नव्हती. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्यांपैकी कोणते कसोटी मानायचे, याची पुढे सर्वमान्य झालेली यादी क्लॅरेन्स मूडी या ॲडलेडच्या पत्रकाराने १८९४ मध्ये छापली.

या मागाहून दिलेल्या दर्जाचा परिणाम ब्रिग्जच्या विक्रमावर कसा होतो, ते पाहण्यासारखं आहे. ३३ कसोटींत त्याचे ११८ बळी आहेत, सरासरी १७.७५. त्यांतले २१ दक्षिण आफ्रिकेतल्या त्या दोन सामन्यांतले. ते वजा केले तर उरतात ९७. म्हणजे ते दोन सामने कसोटी मानले नसते तर शंभर बळी घेणारा पहिला गोलंदाज ब्रिग्ज ठरला नसताच. तो मान ऑस्ट्रेलियाच्या चार्ली टर्नरला गेला असता, ज्याने त्याच सिडनीच्या सामन्यात, ब्रिग्जनंतर दोन-तीन दिवसांत, आपला शंभरावा बळी घेतला.

यामुळे ब्रिग्ज छोटा ठरतो का? माझ्या मते नाही. उलट ज्या ९७ बळींकडे आपण दुर्लक्ष करतो, ते त्याचं खरं भांडवल आहे. ते सगळे ऑस्ट्रेलियाविरुद्धचे, त्या काळच्या सर्वांत कडव्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे. २८ धावांत १५ बळी हा आकडा डोळ्यांत भरतो, म्हणून तो छापला जातो. माणसाची खरी कमाई पुष्कळदा अशा चमकदार आकड्याच्या सावलीत राहून जाते.

सिडनीची सकाळ

ती कमाई कशी होती, याचे दोन-तीन दाखले देतो. ब्रिग्ज सहा वेळा ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. विमानं नव्हती, जहाजाने जायला-यायला आठवड्यांमागून आठवडे लागत. १८९२ मध्ये सिडनीला त्याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन फलंदाज बाद केले. मेलबर्नचं शतक आधीच नावावर होतं. कसोटीत शतकही आणि हॅटट्रिकही, असं करणारा तो पहिला खेळाडू. तो सामना मात्र इंग्लंड हरलं. पुढच्याच ॲडलेडच्या सामन्यात त्याने दोन्ही डावांत सहा-सहा, असे बारा बळी घेतले आणि इंग्लंड डावाने जिंकलं. १८९३ मध्ये ओव्हलवर दोन्ही डावांत पाच-पाच.

पण सर्वांत नाट्यमय सामना झाला तो डिसेंबर १८९४ मध्ये सिडनीला. ऑस्ट्रेलियाने ५८६ धावांचा डोंगर उभा केला. इंग्लंड ३२५ मध्ये संपलं आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात इंग्लंडने ४३७ धावा करून झुंज दिली, तरी ऑस्ट्रेलियाला जिंकायला हव्या होत्या फक्त १७७ धावा. पाचव्या दिवसअखेर धावफलक होता २ बाद ११३. हव्या होत्या ६४ धावा, हातात आठ गडी. सामना संपल्यातच जमा होता. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खुशीत झोपले.

रात्री पाऊस पडला. सकाळी कडक ऊन पडलं.

इंग्लंडकडे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज होते. एक यॉर्कशायरचा बॉबी पील, दुसरा ब्रिग्ज. सामना हातचा गेला म्हणून पील रात्री भरपूर प्यायला होता आणि कर्णधार स्टोडार्टने त्याला थंड पाण्याखाली उभं करून शुद्धीवर आणलं, असा किस्सा सांगतात. मग त्या चिकट खेळपट्टीवर दोन्ही टोकांकडून डावखुरी फिरकी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचे उरलेले आठ गडी ५३ धावांत पडले. सगळा संघ १६६ वर बाद. इंग्लंड १० धावांनी जिंकलं. पीलचे ६७ धावांत ६ आणि ब्रिग्जचे २५ धावांत ३.

फॉलोऑन मिळालेल्या संघाने कसोटी जिंकण्याची ही पहिली वेळ. दुसऱ्यांदा असं घडायला १९८१ साल उजाडावं लागलं. तिसऱ्यांदा घडलं ते २००१ मध्ये कोलकात्यात. लक्ष्मण आणि द्रविडची ती भागीदारी आपल्याकडे कोण विसरेल? त्या विजयाचं सगळ्यात जुनं भावंड सिडनीचं आहे, आणि तिथे दुसऱ्या टोकाला ब्रिग्ज होता.

'मिस्टर' नसलेले खेळाडू

एवढं करूनही ब्रिग्ज कधी 'मिस्टर ब्रिग्ज' झाला नाही.

इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये तेव्हा दोन जाती होत्या. एक हौशी, म्हणजे 'जंटलमन'. दुसरे व्यावसायिक, म्हणजे पैसे घेऊन खेळणारे. धावपत्रिकेत हौशी खेळाडूच्या नावाआधी 'मिस्टर' किंवा आद्याक्षरं लागत. व्यावसायिकाचं नुसतं आडनाव. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, बऱ्याच ठिकाणी मैदानात उतरण्याची फाटकंही वेगळी. पॅव्हेलियनमधून साहेब यायचे, बाजूच्या फाटकातून कामगार. मैदानावर मात्र दोघं एकाच संघाचे. ही विभागणी रद्द व्हायला १९६२ साल यावं लागलं.

पैशाची गंमत तर पुढेच आहे. 'हौशी' डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस यांना १८९१-९२च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी तीन हजार पौंड आणि वर खर्च मिळाला. त्याच दौऱ्यात हॅटट्रिक करणाऱ्या ब्रिग्जसारख्या व्यावसायिकांच्या वाट्याला आलं ते त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मायदेशात कसोटी खेळण्याचे दहा पौंड मिळत. १८९६ मध्ये पाच व्यावसायिकांनी वीस मागितले, तेव्हा मोठं वादळ उठलं.

आपल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. याच दशकात पुण्यात पळवणकर बाळू नावाचा एक चर्मकार समाजातला तरुण युरोपियनांच्या जिमखान्यात खेळपट्टीवर रोलर फिरवत होता आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकत होता. तोही डावखुरा, तोही फिरकी गोलंदाज. हिंदूंच्या संघात त्याला घेतलं गेलं तेव्हा मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर उभं राहून मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. इंग्लंडमधला वर्गभेद आणि आपल्याकडची अस्पृश्यता एका मापाने मोजता येणार नाही. ब्रिग्जच्या स्पर्शाचा कुणाला विटाळ नव्हता. पण कष्टकऱ्याचं कसब हवं, तो स्वतः मात्र बरोबरीने बसायला नको, हा हिशेब दोन्हीकडे होता.

व्यावसायिकाच्या आयुष्यात आणखी एक भीती कायम असे. शरीर हेच भांडवल. ते बिघडलं की सगळं संपलं. ना निवृत्तिवेतन, ना विमा. एखाद्या सामन्याचं उत्पन्न परगण्याने त्याच्या नावे दिलं तर तेवढाच आधार, आणि त्या दिवसांत पाऊस पडला तर तोही नाही.

लीड्सची रात्र

१८९७-९८चा ऑस्ट्रेलिया दौरा ब्रिग्जला वाईट गेला. बळी मोजके आणि तेही महागात पडलेले. लोक म्हणू लागले, ब्रिग्ज संपला. पण १८९७ मध्येच लँकेशायरने परगण्यांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली होती आणि त्या विजयात त्याच्या शंभरावर बळींचा मोठा वाटा होता. १८९९ मध्ये तो पुन्हा इंग्लंडच्या संघात आला.

२९ जून १८९९. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर पहिल्यांदाच कसोटी सामना होत होता. पहिल्या दिवशी ब्रिग्जने ५३ धावांत ३ बळी घेतले. दिवस संपल्यावर काही खेळाडू शहरातल्या एका नाट्यगृहात करमणुकीचा कार्यक्रम पाहायला गेले. तिथे ब्रिग्जला अपस्माराचा जबरदस्त झटका आला.

दुसऱ्या दिवशी इंग्लंडचा संघ एका गोलंदाजाविना मैदानात उतरला. जे. टी. हर्न या गोलंदाजाने दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचे तीन बडे फलंदाज, हिल, ग्रेगरी आणि नोबल, लागोपाठ तीन चेंडूंवर बाद केले. ती हॅटट्रिक आजही गाजते. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि सामना अनिर्णित राहिला. ब्रिग्ज पुन्हा कधीही कसोटी खेळला नाही. त्याला चीडलच्या मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं.

गोष्ट इथेच संपली असती तरी ती दुःखद ठरली असती. पण ब्रिग्जने हार मानली नाही. पुढच्या हंगामाआधी तो बाहेर आला आणि १९०० मध्ये लँकेशायरकडून परत खेळू लागला. त्या एका हंगामात त्याने १२७ बळी घेतले. ओल्ड ट्रॅफर्डवर वूस्टरशायरविरुद्ध त्याने एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले, ५५ धावांत. वर्षभरापूर्वी ज्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं होतं, त्या ३७ वर्षांच्या माणसाने हे केलं. माझ्या दृष्टीने केपटाउनच्या पंधरा बळींपेक्षा मँचेस्टरचे हे दहा मोठे आहेत.

मात्र झटके परतले. १९०१ मध्ये त्याला पुन्हा चीडलला नेण्यात आलं. तिथे तो व्हरांड्यात काल्पनिक चेंडू टाकत असे आणि संध्याकाळी परिचारिकांना आपली दिवसभराची आकडेवारी सांगत असे, असं सांगतात. १९०२च्या जानेवारीत तो गेला. मागे राहिले प्रथम श्रेणीचे २,२२१ बळी आणि १४,०९२ धावा. लँकेशायरसाठी दहा हजार धावा आणि एक हजार बळी, अशी दोन्ही शिखरं गाठणारा खेळाडू आजवर तो एकटाच आहे.

फेफरं, मिरगी, अपस्मार

ब्रिग्जला मनोरुग्णालयात का ठेवलं? कारण त्या काळात अपस्माराचे रुग्ण आणि मनोरुग्ण यांच्यात फारसा फरक केला जात नव्हता. ज्यांचे झटके आवरत नसत, त्यांची रवानगी अशाच ठिकाणी होई. विज्ञान मात्र तोवर पुढे गेलेलं होतं. १८७०च्या दशकातच लंडनच्या डॉ. ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी सांगितलं होतं की हा झटका म्हणजे मेंदूतल्या पेशींचा अचानक उडालेला भडका आहे. भूतबाधा नाही, पापाची फळं नाहीत, वेडही नाही. पण औषध म्हणाल तर ब्रोमाइड एवढंच होतं, आणि त्याने माणूस सुस्त व्हायचा. फेनोबार्बिटल हे जास्त गुणकारी औषध १९१२ मध्ये वापरात आलं. ब्रिग्जला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आज औषधं आहेत. नियमित घेतली तर बहुसंख्य रुग्णांचे झटके आटोक्यात राहतात. पण समाजाची समजूत औषधाच्या वेगाने बदलत नाही. इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग, जो १९७६-७७च्या दौऱ्यात भारतीय प्रेक्षकांचा लाडका झाला होता, त्यालाही अपस्मार होता. खेळत असताना बराच काळ त्याला तो लपवावा लागला. दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स मात्र आपल्या अपस्माराविषयी मोकळेपणाने बोलला. पॉइंटला हवेत झेपावणारा ऱ्होड्स आणि कव्हरला चेंडू अडवणारा ब्रिग्ज. दोघांचा आजार एक, दोघांचं कसब सारखं. मधल्या शंभर वर्षांनी एकाला इस्पितळाच्या भिंतींत डांबलं आणि दुसऱ्याला जगभर फिरू दिलं.

आपल्या देशात तर कायदाच रुग्णांच्या विरोधात होता. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्यात अपस्माराचे झटके ही विवाहाला आडकाठी मानली गेली होती. ती तरतूद १९९९ मध्ये वगळली गेली. कायद्यातून गेली, मनातून गेली का? मी शाळेत शिकवतो. प्रार्थनेच्या वेळी एखादं पोर झटका येऊन कोसळलं की अजूनही कुणीतरी चप्पल हुंगवायला धावतं, कुणी कांदा आणतं, कुणी दातांत चमचा घालू पाहतं. मुलगी असेल तर तिची आई आधी हात जोडून एकच सांगते, "सर, कुणाला बोलू नका. उद्या लग्नाचं बघायचंय." उर्दू माध्यम असो की मराठी, हे वाक्य तेच असतं.

करायचं ते साधं आहे. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना गाठायचा. आणि दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात आलं की त्याला त्याच्या बाकावर, त्याच्या मित्राशेजारी बसू द्यायचं. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं आणि तेच आपल्याकडून होत नाही.

ब्रिग्जची हकीकत मी मुलांना सांगतो ती या कारणासाठी. क्रिकेटचं नाव काढलं की वर्ग कान टवकारतो. २८ धावांत १५ बळी ऐकून मुलं टाळ्या वाजवतात. मग मी विचारतो, कित्येक महिने इस्पितळात राहून आलेल्या माणसाने एका डावात सगळे दहा बळी घेतले, तेव्हा त्याच्या संघातल्या लोकांनी काय केलं असेल? त्यांनी एक साधी गोष्ट केली होती. तो परत आल्यावर त्याच्या हातात चेंडू दिला होता.